दात आले म्हणून पाजायचं थांबवायचं का? दत्तक बाळाला अंगावर घेणाऱ्या आईसाठी

आमच्या पोरीचा पहिला दात मला दिसला नाही, ऐकू आला. दुपारी नाचणीचं सत्त्व भरवत होते आणि चमच्याला टक् असं वाजलं. बोट फिरवून बघितलं तर खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी खरखरीत लागलं. शेजारच्या अक्का दारातूनच कानडीत "हल्ल बंत!" (दात आला!) म्हणून ओरडल्या, आमच्या आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, गल्लीत साखर वाटली, आणि तिसऱ्या दिवशी त्याच दातानं पोरगी मला अशी चावली की डोळ्यातून पाणीच आलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या गल्लीचं एकमत झालं होतं, "आता तोड की गं दूध. तसंबी तुला कुठं पान्हा फुटलाय, नळीनंच तर पाजतीस."

त्यात अर्धं खरं होतं म्हणून जास्त लागलं.

हे लिहितेय ते अशाच बायकांसाठी, ज्यांनी बाळंतपण न होता छातीला लावायचा पंप, दूध वाढवायच्या गोळ्या आणि पावडरचं दूध देणारी नळी यांच्या जोरावर दत्तक बाळाला अंगावर घेतलंय आणि आता दात यायला लागल्यावर पुढं काय करायचं ते कळेना झालंय. मी डॉक्टर नाही, बेळगावच्या शहापुरात राहणारी साधी बाई आहे, पण यातून गेलेय आणि बालरोगतज्ञ मॅडमना विचारून विचारून भंडावून सोडलंय, त्यातलं जे उपयोगी पडलं ते इथं देते.

हा प्रश्न आपल्याला इतक्या लवकर का पडतो

ज्यांना पोटचं मूल असतंय त्यांना दात येईपर्यंत पाच-सहा महिन्यांचा सराव झालेला असतो. आपलं तसं नाही. आपल्याकडं बाळ सरेंडर केलेल्या आईला फेरविचारासाठी 60 दिवस असतात, सापडलेल्या बाळाची चौकशी आणि कागद व्हायलाही महिने जातात, त्यामुळं कारामार्फत (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) एजन्सीतून येणारं बाळ घरी पोचेपर्यंत साधारण तीन-चार महिन्यांचं तरी झालेलं असतंय, पुष्कळदा जास्तच. आमची आली तेव्हा साडेचार महिन्यांची होती. आणि पहिला दात बहुतेक बाळांना सहा महिन्यांच्या आगेमागे येतो, कुणाला चौथ्यात, कुणाला वर्षानं. म्हणजे बाळाला अंगावर घ्यायला शिकवता शिकवताच दात हजर. त्यात ते बाळ आधी बाटलीवर वाढलेलं, बाटलीचं बूच चावून चावून प्यायची सवय, तोंड मोठं उघडायची सवय नाही. त्यामुळं आपल्याला चावे जरा जास्त बसले तर त्याचं कारण हे आहे, "आपलं नाही म्हणून चावतंय" असलं काही मनात आणू नका. मी आणलं होतं. मग माझ्या वैनीनं पदर बाजूला करून आपल्या पोटच्या पोरानं आठव्या महिन्यात केलेला वण दाखवला आणि विषय संपला.

आधी आठ दिवस काही ठरवायचं नाही

चावा बसला त्या दिवशी, त्या रात्री, दुसऱ्या दिवशी चहा घेताना कुणी काही बोललं म्हणून, ठरवायचं नाही. दात हिरडीतून वर येताना बाळाला त्रास होतो तो काही दिवसांचाच, सगळे 20 दुधाचे दात यायला अडीच-तीन वर्षं लागतात, म्हणजे दर दातागणिक बंद करा चालू करा असं काही करता यायचं नाही. आणि आपल्या बाबतीत एकदा बंद केलं की परत चालू करणं फार अवघड आहे, ज्यांनी दिवसाला आठ-आठ वेळा पंप लावलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या आठ दिवसांत एकच काम करा, एका वहीत लिहा. कधी घेतलं, नळीतून किती मिली गेलं, कधी चावली (सुरुवातीला, मध्ये का शेवटी), लंगोट किती ओले झाले, वरचं काय खाल्लं. माझी वही म्हणजे आमच्या ह्यांची मागाच्या हिशेबाची जुनी डायरी, एका बाजूला साड्यांचे आकडे आणि दुसऱ्या बाजूला "4.10, 60 मिली, शेवटी चावली". पाचव्या दिवशी त्या डायरीत बघितलं तर सातातले सहा चावे शेवटीच होते. तिथून सगळं सोपं झालं.

थांबवायचं म्हणजे नेमकं काय थांबवायचं?

मला वाटतं सगळा गोंधळ इथंच होतो. लोक "दूध तोड" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट असते. आपल्याकडं त्या चार आहेत आणि चारही वेगवेगळ्या वेळी थांबवता येतात.

एक पंप. दोन गोळी. तीन नळी, म्हणजे मेडिकलमध्ये मिळते ती बारीक इन्फंट फीडिंग ट्यूब, एक टोक निपलजवळ कागदी टेपनं चिकटवलेलं आणि दुसरं वाटीत, ज्यातून पावडरचं दूध जातं. आणि चौथं म्हणजे नुसतं अंगावर घेणं, कुशीत, तोंडात निपल, दूध आलं तर आलं.

बाळाला पोसतंय ते तिसरं आणि थोडंफार आपलं दूध. बाळाला झोपवतंय, गप्प करतंय, ओळख पटवतंय ते चौथं. आपल्यासारख्या बऱ्याच जणींना बाळाचं पूर्ण पोट भरेल इतकं दूध येत नाही, काहींना चांगलं येतं, काहींना थेंबभर. पण सहा महिन्यांनंतर बाळ मऊ भात, मुगाची आमटी, नाचणी असं खायला लागलं की पावडरचं दूध नळीनं जातंय का भांड्यानं जातंय यानं पोषणात काही फरक पडत नाही, फक्त पोटात जायला हवं. म्हणजे दात यायच्या काळात नळीची आणि पंपाची कटकट सोडून नुसतं अंगावर घेणं चालू ठेवता येतंय. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी चार रात्री रडले नसते.

डब्ल्यूएचओचं म्हणणं सहा महिने फक्त आईचं दूध आणि मग वरच्या खाण्यासोबत दोन वर्षं किंवा पुढंही, आपले बालरोगतज्ञ पण तेच सांगतात. ते ऐकून आपण कुठंतरी कमी पडतोय असं वाटायला लागतं. नका वाटून घेऊ. पण त्यातून एक गोष्ट घ्या, दात आले म्हणून थांबवा असं त्यात कुठंही नाही.

चावणं कसं थांबवायचं

आधी हे समजून घ्या, बाळ नीट ओढून पीत असतंय तेव्हा त्याची जीभ खालच्या हिरडीच्या पुढं आलेली असते, म्हणजे दात आणि आपण यांच्या मध्ये जीभ असते. पीत असताना चावता येतच नाही. चावा बसतो तेव्हा बाळ प्यायचं थांबलेलं असतं किंवा अजून नीट लागलेलंच नसतं. मग बाळ चावकं आहे का हा प्रश्नच नाही, ते प्यायचं कधी थांबतं ते ओळखायचं.

शेवटी चावणारं बाळ असेल तर खूण अशी, गिळल्याचा आवाज बंद होतो, जबडा नुसता हलतो, डोळे इकडंतिकडं फिरतात, जीभ मागं जाते. आमची पंख्याकडं बघायला लागली की समजायचं झालं. तेव्हाच करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून हवा जाऊ द्यायची आणि सोडवायचं. ओढायचं नाही, दात लागलेले असताना ओढलं की कातडीच सोलते.

चावलीच तर काय? हातातलं बाळ लांब करावंसं वाटतं, उलटं करा, जवळ दाबा, नाक छातीला टेकलं की श्वास घ्यायला ते आपोआप तोंड उघडतंय (क्षणभरच, नाक दाबून धरायचं नाही). मग शांतपणे "नको" म्हणून खाली ठेवा, दोन मिनिटं दुसरं काहीतरी हातात द्या. आमच्या आत्ती म्हणायच्या, "गालावर एक टिचकी मार, परत न्हाई चावायची, मी सांगतो." मारू नका. ओरडू पण नका. काही बाळं ओरडण्याला हसतात आणि परत चावतात, काही इतकी दचकतात की दोन-दोन दिवस छातीलाच लागत नाहीत. आपलं बाळ आधीच एकदा हातातून हात बदलून आलंय, त्याला छातीवरून झिडकारलं जाणं नको. मी एकदा जोरात ओरडले, तोंडातून निघूनच गेलं, पोरगी दिवसभर मला सोडून ह्यांच्याच कडेवर.

सुरुवातीला चावणारं बाळ असेल तर हिरड्या शिवशिवत असतात. पाजायच्या आधी पाच मिनिटं स्वच्छ सुती फडकं ओलं करून फ्रिजमध्ये (फ्रीजरमध्ये नव्हे) ठेवलेलं चावायला द्या, किंवा हात धुऊन बोटानं हिरडी चोळा. गाजराचा तुकडा, टोस्ट असलं काही नको, दात फुटताना तुकडा मोडला की घशात अडकतो. हिरडी बधिर करणारी जेल मिळतात ती घेऊ नका, बेंझोकेनवाल्या जेलबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं 2018 मध्येच दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका म्हणून सांगितलंय, रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ शकतो. शिवाय जीभ बधिर झाली तर बाळ नीट ओढणार कसं? मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत अजिबात नाही, आज्जी कितीही म्हणू देत.

आता नळीवाल्यांचं खास. नळी हिरड्यांमध्ये दाबली गेली की दूध यायचं थांबतं, बाळ वैतागतं आणि कचकन चावतं. मध्येच चावणाऱ्या बाळाचं हे कारण असू शकतंय. नळीचं टोक निपलच्या पुढं जास्त येऊ देऊ नका, आणि खालच्या दातावर न येता वरच्या ओठाच्या बाजूनं जाईल अशी चिकटवून बघा. वाटी जरा उंच धरली की धार वाढते, खाली धरली की कमी होते, तेवढ्यानंही फरक पडतो. पावडर डब्यावर लिहिलंय तेवढीच घाला, घट्ट केलं तर नळी तुंबते आणि बाळाच्या पोटालाही ते बरं नाही. आणि दात आल्यावर रोज नळी उजेडात धरून बघा, चावून भोक पडलं असेल, चिरली असेल तर सरळ टाकून द्या, तुकडा तुटून तोंडात गेला तर मोठं संकट. नंदिनी दुधाची पिशवी फोडून नळीत घालायची घाई पण नको, गाई-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून वर्षानंतरच.

जखम झाली तर साध्या पाण्यानं धुवा, आपलंच दूध असेल तर थेंबभर लावून वाळू द्या किंवा शुद्ध लॅनोलिनची क्रीम लावा, एक-दोन दिवस दुसऱ्या बाजूनं पाजा. छाती लाल, गरम, कडक झाली आणि थंडी वाजून ताप आला तर मात्र घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

ताप, जुलाब दातावर ढकलू नका

दातानं लाळ गळते, चिडचिड होते, झोप मोडते, अंग किंचित कोमट लागतं. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप आणि पातळ जुलाब दातामुळं येत नाहीत. या वयात बाळ सगळं तोंडात घालतं म्हणून जुलाब होतात, आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते तिचाही ताप लगेच नव्हे, आठ-दहा दिवसांनी येऊ शकतो. ओआरएस चालू करा आणि दाखवा. आजारी असताना अंगावर घेणं मात्र बंद करू नका, तेव्हाच बाळ त्यातून जास्त शांत होतं.

मग ठरवायचं कसं

आठ दिवस झाले, वही भरली, चावण्यावर उपाय करून बघितले. आता बसा.

पहिलं वजन बघा. वजन नीट वाढतंय, दिवसाला सहाच्या आसपास लंगोट ओले होतायत, वरचं खाणं दोन-तीन वेळा जातंय, तर तुम्हाला घाई कसलीच नाही, काहीही ठरवलं तरी बाळ उपाशी राहणार नाही. वजन अडलं असेल तर आधी ते, डॉक्टरांना वही दाखवा, कधी कधी अंगावर घ्यायच्या नादात बाळ दमतंय आणि कमी पितंय असं निघतं, तेव्हा भांड्यानं किंवा बोंडल्यानं आधी पोट भरायचं आणि मग अंगावर घ्यायचं.

मग बाळाकडं बघा, ते स्वतःहून मागतंय का? दमल्यावर, घाबरल्यावर छातीकडं येतंय का? आमची डीसी ऑफिसच्या (कलेक्टर कचेरीच्या) कामाला गेलो तेव्हा त्या गर्दीत माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली होती, तिला दूध नको होतं, जागा हवी होती. असं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, चालू ठेवा, दातासाठी हे सोडू नका. उलट एखादं बाळ छातीला लावलं की धडपडतं, मान फिरवतं, भांड्यानं आनंदानं पितं. त्याला जबरदस्ती करू नका, कुशीत घेऊन भांड्यानं पाजलं तरी कूस तीच आहे.

आणि तिसरं तुम्ही. हे लोक सगळ्यात शेवटी विचारतात, किंवा विचारतच नाहीत. पंप लावून लावून पाठ गेलीय का, रात्री दोनला नळी धुताना रडू येतंय का, पाजायची वेळ झाली की पोटात गोळा येतोय का? दूध वाढवायला डॉम्पेरिडोन घेत असाल तर ती मुळात मळमळीची गोळी आहे, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते, अमेरिकेत तिच्याबद्दल 2004 लाच इशारा दिलाय, त्यामुळं दातांचा विषय नसता तरी ती अजून किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना विचारायची वेळ झालेलीच असते. तुमच्या अंगाला झेपत नसेल तर ते थांबवायला पुरेसं कारण आहे, गल्लीला पटवून देत बसायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र टाळा. कामावर परत जाणं, पाळणाघर, घर बदलणं, मोठं आजारपण यातलं काही चालू असेल तर त्याच पंधरवड्यात अंगावरचं तोडू नका. एका वेळी एकच बदल.

घरच्यांचं म्हणाल तर प्रत्येकाला दातांबद्दल काहीतरी सांगायचंच असतं. माझ्या भावाचा निपाणीहून फोन आला, आवाज अगदी गंभीर, "वरचा आला का खालचा?" वरचे दात आधी आले तर मामाला जड म्हणतात ना. म्हटलं खालचा. "मग बरं," म्हणाला आणि ठेवला.

थांबायचंच ठरलं तर

एका दिवसात नाही. कोरफडीचा गर, कडुलिंब लावून कडू करायची पद्धत आहे आपल्याकडं, माझा तिला सक्त विरोध आहे. ज्या जागेवर बाळानं इतक्या कष्टानं विश्वास टाकला तीच एका रात्रीत कडू करायची?

क्रम असा ठेवा. आधी पंप कमी करा, तीन-चार दिवसांनी एक वेळ गाळायची, एकदम बंद केला तर गाठी होतात. गोळी डॉक्टर सांगतील तशी हळूहळू उतरवा, एकदम सोडल्यावर काही जणींना झोप उडणं, घाबरल्यासारखं होणं असा त्रास झालेला आहे. मग नळी, दिवसाच्या एका वेळेपासून सुरू करून, पण तेवढं दूध भांड्यानं आधी पाजून मगच नुसतं अंगावर घ्यायचं, भुकेलं बाळ कोरड्या छातीला लावलं तर चावणारच. अंगावर घेणं सगळ्यात शेवटी, आणि त्यातही झोपतानाचं शेवटी. जी वेळ गाळाल तिच्या जागी दुसरं काहीतरी ठरलेलं द्या, तेच मांडीवर बसणं, तेच गाणं, पाठीवर तोच हात.

दात आल्यावर रात्री पाजलं तरी सकाळी आणि झोपायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसा किंवा मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तोंडात बाटली ठेवून झोपवायचं मात्र नाही.

आम्ही नवव्या महिन्यात पंप सोडला, दहाव्यात नळी, रात्रीचं तेवढं चालू होतं, चावणं कधीच बंद झालेलं. शेजारी माग चालतात, त्या खटखटीतच आमची झोपते. चौदाव्या महिन्यात एकदा करंट गेला, माग थांबले आणि त्या शांततेनं ती जागी झाली. मी पदर बाजूला करणार तेवढ्यात तिनं दोन घोट पाणी मागितलं, माझ्या कानाची पाळी धरली आणि झोपली. त्यानंतर मागितलंच नाही. पुढं तीन-चार महिने दाबलं की थेंबभर दूध दिसायचं, मी घाबरून विचारलं. एकाच बाजूनं आपोआप गळत असेल किंवा रक्त दिसलं तर लगेच ये, मॅडम म्हणाल्या, नाहीतर आधी ते दाबून बघायचं सोड.